दुसरी गठाण

रामराव गावंडे यांनी अकोल्याच्या जिनिंगांमधून एकतीस वर्षं कापसाची प्रत ठरवली, आणि त्या एकतीस वर्षांत विकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून एकदाही निकाल दिला नाही. गाडीतला कापूस वरून दिसतो तसा आत नसतोच, असं धरूनच ते चालत. हात कोपरापर्यंत आत घालायचा, मूठभर ओढून काढायचा, आधी नाकाशी न्यायचा आणि मग दोन अंगठ्यांत धरून धागा ताणायचा. निवृत्त झाल्यावर ही सवय त्यांनी घरी आणली. दूध असो, तूरडाळ असो, शेजाऱ्यांचा प्रसाद असो की पोरीला आलेलं स्थळ, त्यांचा हात कोपरापर्यंत जाणारच.

आज त्यांच्यापुढे टेबलावर वाइनच्या दोन बाटल्या होत्या.

आणल्या होत्या त्यांच्या मुलीनं, रागिणीनं. पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलात नोकरी करता करता ती वाइन पारखण्याची परीक्षा पास झाली होती. दक्षिण आफ्रिकेच्या पार टोकाला, थंड समुद्राच्या काठी कुणाचा तरी द्राक्षमळा होता. त्या लोकांनी तिला दोन वर्षांसाठी बोलावलं होतं. काम म्हणजे पिंपापिंपांतली वाइन चाखायची, कोणती मुरली आणि कोणती बिघडली ते सांगायचं. शिवाय मळ्यातली सगळ्यात वरची पांढरी वाइन, शार्डने, घरच्यांना चाखवा म्हणून त्यांनी दिली होती. उत्तर सोमवारी कळवायचं होतं आणि आज रविवार. बाबा नाही म्हणाले तर मी जाणार नाही, असं रागिणीनं आईला सांगून ठेवलं होतं.

रामरावांना पहिल्या वाक्यापासूनच संशय होता. चाखण्याचा पगार देणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. त्यात भेटीच्या बाटल्या. पूर्वी ज्या गाडीसोबत प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरसाठी संत्र्याची पेटी यायची, त्या गाडीत ते दोनदा हात घालायचे.

सकाळचे अकरा वाजले होते, मे महिना होता आणि रागिणीनं उठून कूलर बंद केला. तिच्या आईनं, चंदाबाईंनी, पोरीच्या कपाळाला हात लावून पाहिला. कूलरमधल्या खसाचा, वाळ्याचा, वास आड येतो, असं रागिणीनं सांगितलं. रामरावांनी ते मनात टिपून ठेवलं. नमुने पाहायच्या खोलीत ते स्वतः उदबत्ती लावू देत नसत.

चंदाबाईंचा धाकटा भाऊ देवानंद खास अमरावतीहून आला होता. चिखलदऱ्याला त्याचं सात खोल्यांचं रिसॉर्ट होतं, मुंबई-पुण्याचे पाहुणे तिथे उतरत, त्यामुळे वाइनमधलं आपल्याला सगळं समजतं अशी त्याची समजूत होती. बाटली बराच वेळ हातात फिरवून झाल्यावर त्यानं घोट घेतला आणि डोळे मिटले. लोणी आहे म्हणाला, मागून लिंबू आहे, क्या बात है. बाटलीच्या मागच्या चिठ्ठीवर लोणी आणि लिंबू छापलेलं होतं, हे रामरावांनी चष्मा लावून आधीच पाहिलं होतं. चंदाबाईंनी थेंबभर जिभेला लावलं आणि आंबट आहे एवढंच सांगून त्या मोकळ्या झाल्या.

रामराव पीत नसत. पण गिळायचं नाही, तोंडात खेळवून पातेल्यात टाकायचं, असं कळल्यावर ते जरा सैल झाले. ग्रेडर तरी कापूस कुठे घरी नेतो. त्यांनी खुर्ची उत्तरेच्या खिडकीशी नेली, पेल्यामागे कोरा कागद धरला. रंग वाळल्या कडब्याचा, स्वच्छ. मग नाक आत घातलं, मागे घेतलं, पुन्हा घातलं.

ओलं गोणपाट. वजन वाढावं म्हणून पाणी मारलेली कापसाची गठाण पावसाळाभर गोदामात पडून राहिली की जो वास येतो, तोच.

त्यांनी रागिणीकडे पाहिलं. ती आपला पेला हुंगत होती. क्षणभर तिच्या नाकपुड्या थांबल्या. मग ती हसली आणि छान आहे म्हणाली.

ते थांबणं रामरावांनी बरोबर पकडलं. आता दोनच गोष्टी शक्य होत्या. नाक कच्चं असेल, तर दोन वर्षांत पक्कं होईल, त्याची काळजी नव्हती. पण नाक पक्कं असून जीभ वाकली असेल तर? संत्र्याच्या पेट्या घेणारे ग्रेडर त्यांनी पाहिले होते. पहिल्या वर्षी ते ओला माल ओळखून पास करत. पाचव्या वर्षी त्यांना ओला वास यायचाच बंद होई.

"रागिणी, गठाण ओली आहे," ते म्हणाले.

देवानंदला हसू आलं. "भाऊजी, विदेशी माल आहे हा. तुमाले सगळ्यातच गोणपाट दिसते."

"तू चिठ्ठी वाचली ना साळेबुवा, आता बस." रामरावांनी मान वळवली नाही. "तुले वास आला का नाई, तेवढं सांग पोरी."

रागिणीनं पेला खाली ठेवला. "आला. उघडल्या उघडल्या आला."

"मग छान कावून म्हनली?"

"उद्या त्याइच्याच इथं कामाले जायचं आहे, बाबा. आन् मामा तारीफ करून राहिले होते. म्हटलं, तुमाले काय समजते."

शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर तिनं ओठ चावला. चंदाबाई पंख्याकडे पाहू लागल्या. रामरावांनी मात्र ते वाक्य ओलांडून पुढचं विचारलं, असं होतं कशानं? बुचाला एखादवेळी बुरशीचा दोष असतो, तो वाइनला लागतो, बाकी माल चोख असतो, असं तिनं सांगितलं. बाकी माल चोख असतो हे वाक्य रामरावांनी एकतीस वर्षं रोज ऐकलं होतं.

"एका गठाणीवर निकाल नाई देत मी. दुसरी फोड."

दुसरी तिनं पुण्याच्या बाईंसाठी, ज्यांनी वाइन पारखायला शिकवलं त्यांच्यासाठी, राखली होती. तरी फोडली. यावेळी हुंगून तिनं नुसता पेला पुढे केला.

रामराव बराच वेळ खिडकीशी बसले. गोणपाट नव्हतं. लिंबाची साल नखानं खरवडावी तसं काही, त्यामागे कढत आलेल्या लोण्याचा वास, तोही सावकाश, दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा. तोंडात घेतल्यावर आधी गार, मग ताठ, आणि शेवटी ओठांवर मीठ. त्यांनी चूळ पातेल्यात टाकली, तरी चव तुटेना. त्यांचे दोन्ही अंगठे आपोआप हवेत जुळले आणि हळूहळू एकमेकांपासून दूर गेले. लांब धाग्याचा, अव्वल प्रतीचा माल होता.

"आता लिही त्याइले," ते म्हणाले. "पहिली खराब निघाली म्हनून. माह्यासमोर लिही."

देवानंद म्हणाला, नोकरी जाईल, लोक भेटीत खोट काढलेली सहन करत नाहीत. रागिणीचा अंगठा फोनवर थबकला. तिलाही तीच भीती होती, हे दिसत होतं.

"ओला माल परत केला म्हनून जो मालक ग्रेडरले काढते, त्याच्या इथं मले पोरगी पाठवायचीच नाई."

तिनं लिहिलं. पाठवण्याआधी रामरावांनी ते तिच्याकडून दोनदा मराठीत वाचून घेतलं, मध्येच कुठे ‘छान’ घुसलं नाही ना, म्हणून.

उत्तर चार वाजता आलं. मळ्याच्या मालकीणबाईंनी लिहिलं होतं की त्या खेपेच्या आणखी बाटल्या उघडून पाहतो आहोत, आणि येताना ते बूच घेऊन या. रामरावांनी फोन देवानंदकडे दिला आणि त्याच्याकडूनही अर्थ वाचून घेतला. दोघांचा अर्थ जुळला. तरी एवढं गोड लिहायचं कारण काय, हे त्यांना पटलं नव्हतं.

मग त्यांनी पहिल्या बाटलीचं बूच कागदात गुंडाळलं, वर तारीख घातली, जुन्या सवयीनं ‘ओली’ असा शेरा मारला आणि पुडी रागिणीच्या हातात दिली.

"नमुना हरवू नको. दुसऱ्या कोनाजवळ देऊ नको. सोता त्या मालकिनीच्या हातात दे."

चंदाबाईंनी उठून कूलर लावला. रामरावांनी उरलेली दुसरी बाटली फ्रीजमध्ये ठेवली, आणि देवानंदचा मुक्काम उद्यापर्यंत होता म्हणून वाइन जिथवर होती तिथे चिठ्ठीवर पेन्सिलनं बारीक रेघ ओढली.