सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला

बाबा खाणीच्या तोंडाशी, एका खिडकीत बसायचे. समोरच्या फळीवर नंबराचे खिळे आणि खिळ्यांवर पितळी बिल्ले. खाली जाणाऱ्याने आपला बिल्ला न्यायचा, वर आल्यावर परत द्यायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस खाली. सगळे खिळे भरल्याशिवाय पुढची पाळी उतरत नसे. "तो आला असेल," असं कुणी म्हटलं की बाबा चष्म्यावरून बघत. "असेल-बिसेल घरी. मला बिल्ला दाखव."

अशा माणसाची मुलगी खाणकाम इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि प्रशिक्षणाला नेमकी त्याच खाणीत आली होती. तीस दिवस सलग भरले तर महिन्याने परीक्षा. बिल्ल्याची एक चूक झाली, की मोजणी पहिल्यापासून आणि परीक्षा सहा महिन्यांनी. बाबा तिला इंजिनीअरीणबाई म्हणत, पण खिडकीत ओळख दाखवत नसत. 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं' ही म्हण त्यांच्या गावीही नव्हती.

अठ्ठाविसाव्या दिवशी तिचं मोजमाप जुळलं. खालच्या बोगद्यांतून कोन नि अंतरं मोजत फिरून पुन्हा पहिल्या खुणेवर यायचं, आणि आकडे तिथेच येऊन मिळायला हवेत. तीनदा ते हातभर चुकले होते. आज फरक बोटाच्या पेराएवढाही नव्हता. पोरीला आभाळ ठेंगणं झालं. आईला सांगायचं म्हणून ती पाळ्या बदलायच्या गर्दीतून तशीच घरी पळाली. आई कामावरून यायची होती. बंद पडलेला फोन चार्जिंगला लावून ही सुखाने आंघोळीला गेली.

बाहेर येऊन फोन सुरू केला, तर बाबांचे अकरा कॉल येऊन गेल्याचे मेसेज. खुर्चीवर टाकलेल्या मळक्या पँटचा खिसा तिने चाचपला. बिल्ला आतच होता. परत फोन लावला, तर कुणी उचलेना.

बिल्ला मुठीत घेऊन ओल्या केसांनी ती धावत खाणीवर पोहोचली. दुपारच्या पाळीची चाळीस माणसं डबे घेऊन ताटकळत उभी होती. खिडकीत बाबा नव्हते. आजवर ती खुर्ची तिने पाळीच्या वेळी रिकामी पाहिली नव्हती.

"खाली गेलेत," माणसांचा पाळणा वरखाली करणारे मामा म्हणाले. "मी म्हटलं, पोरगी वर आली असावी. ऐकतायत कुठले! शोधपथकाला तयार व्हायला वीस मिनिटं लागतात. तेवढा दम निघाला नाही त्यांना."

"गुडघा दुखतो त्यांचा."

"मी सांगितलं तेही."

तिने फळीकडे पाहिलं. सत्तेचाळीसचा, तिचा खिळा रिकामा. आणि कोपऱ्यात एक नंबरचाही. बाबांचा तो बिल्ला बारा वर्षं हलला नव्हता. धूळ खात पडलाय म्हणून ती चिडवायची.

मामांनी खाली फोन करून मुलगी सापडल्याचा निरोप दिला. तरी ती खिडकीत जाऊन बसली आणि एक नंबरच्या रिकाम्या खिळ्यावरून तिची नजर हटेना. निरोप पोहोचला असेल. बाबा निघाले असतील. प्रत्येक 'असेल' तिला टोचत होतं. परीक्षेचं तर ती पार विसरून गेली.

बऱ्याच वेळाने पाळणा वर आला. बाबा लंगडत उतरले. तोंड काळं, चष्मा हातात. ती उठली नाही. तिने खिडकीतून हात पुढे केला.

"बिल्ला."

बाबांनी खिसे चाचपून तो दिला. तिने तो खिळ्यावर अडकवला, सत्तेचाळीसवर आपलाही, आणि मग तिला रडू फुटलं.

"ऊठ," बाबा म्हणाले. "खुर्ची माझी आहे."

पाळी उतरायला लागली. बाबांनी चष्मा पुसला, चुकांची वही काढली आणि सुवाच्य अक्षरात तिचं नाव लिहिलं. तिने मान डोलावली. चूक होती, लिहायलाच हवी होती.

"माप जुळलं का गं?" लिहिता लिहिताच त्यांनी विचारलं.

"जुळलं."

"छान. उद्या तुझा पहिला दिवस. वेळेवर ये."

पण वही मिटली नव्हती. तिच्या नावाखाली बाबा आणखी एक ओळ लिहीत होते. तिने वाकून वाचलं. 'बिल्लेवाला पाळी चालू असताना खिडकी सोडून खाली गेला.' पुढे त्यांचं स्वतःचं नाव होतं. निवृत्तीला चार महिने उरले होते, आणि त्या वहीत ते नाव आजवर एकदाही आलं नव्हतं.

"बाबा, हे कशाला?"

"दुसऱ्या कुणाची मुलगी असती, तर मी इथंच बसून राहिलो असतो," बाबा म्हणाले, आणि त्यांनी खाली सही केली.