कासारणीचा आशीर्वाद

शुक्रवार पेठेतल्या बायका चांगुणेची वाट बघत. डोक्यावर बांगड्यांची पाटी, तोंडात पान, आणि हात असा हलका की मनगट कितीही जाड असलं तरी बांगडी वाढायची नाही. तिच्या स्वतःच्या हातांत मात्र एकही नव्हती. कुणी विचारलंच तर म्हणे, "धंद्यात टिकत न्हाईत, बाई."

पाटीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेला सुरा होता, तो कुणाला ठाऊक नव्हता. मडिवाळप्पा ठेकेदार ज्याचं नाव सांगेल, त्याला ती संपवायची. कासारणीवर कोण संशय घेणार? त्या कामात तिचा एकच नियम होता. ज्या घरचा माणूस मारायचा, त्या घरच्या बाईचा हात हातात घ्यायचा नाही.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात नाव आलं ते सिद्रामचं. तो गिरणीत विणकर होता. मडिवाळप्पाला एका मजुराला ठार मारताना त्यानं पाहिलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी कोर्टात त्याची साक्ष होती. गिरणीचा भोंगा झाला की तो सायकल हातात धरून घराच्या बोळात शिरायचा. तिथंच त्याला गाठायचं होतं. चांगुणेनं कच खाल्ली तर काम उरकायला समोर पानाच्या ठेल्यावर मडिवाळप्पाचाच दुसरा माणूस, हणमंत, उभा होता.

ती बोळात थांबली होती, तेवढ्यात दारातून हाक आली.

"अक्का, हिरव्या हाईत का?"

सिद्रामची बायको शांतम्मा. सातवा महिना लागलेला.

"न्हाईत बाई. संपल्या."

"वरच तर दिसत्यात की. का मलाच द्यायच्या न्हाईत?"

शेजारच्या बायका हसल्या. आता नाही म्हणणं अवघड होतं. चांगुणा ओट्यावर बसली आणि तिनं तो सुजलेला, ऊबदार हात हातात घेतला.

"जरा सैल भर, अक्का. आमचे हे म्हणत्यात, तुझ्या बांगड्यांच्या आवाजानं झोप मोडती. मी म्हटलं, मागांच्या खडखडाटात उभ्या उभ्या डुलक्या घेता, तवा मोडत न्हाय व्हय?"

चांगुणेला हसू फुटलं. स्वतःचं हसू तिला परक्या बाईचं वाटलं.

बांगड्या भरून झाल्या की भरणारीला वाकून नमस्कार करायचा आणि तिनं आशीर्वाद द्यायचा, अशी रीत आहे. शांतम्मा पोट सावरत वाकली. इतकी वर्षं दारोदार म्हटलेले शब्द चांगुणेच्या तोंडून आपसूक गेले.

"जन्मसावित्री हो."

बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण काय देऊन बसलो ते.

भोंगा झाला. थोड्या वेळानं सिद्राम बोळात शिरला. चांगुणा भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिनं त्याला जाऊ दिलं. हणमंतानं ते पाहिलं. तो पान थुंकून सिद्रामच्या पाठीमागं धावला. चाकू धरलेला हणमंताचा हात वर गेला, त्याच क्षणी चांगुणेची पाटी खाली आदळली आणि तिचा सुरा हणमंताच्या बरगडीत शिरला. तो आवाज न करता खाली बसला, तो पुन्हा उठला नाही.

सिद्राम वळला. "कोण हाय हा? तू कोण?"

पळायला वाट मोकळी होती. पण याला सावध कोण करणार?

"आमी दोघं तुमाला मारायलाच आलतो," ती म्हणाली. "मडिवाळप्पा आणखी माणसं धाडंल. आज घरात झोपू नका. साक्ष मातुर द्या."

दारात शांतम्मा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं दोन्ही मनगटं दाराच्या चौकटीवर आपटली, पुन्हा आपटली.

"फोडू नगंस गं," चांगुणा कळवळून म्हणाली. "तुजा मालक जिता हाय."

"तुज्या हातचं काय बी नगं मला."

हिरव्या काचा पायरीवर पसरल्या. शांतम्मा अनवाणी होती. चांगुणा सवयीनं खाली बसून काचा वेचायला लागली, तसं सिद्रामनं तिला ढकललं.

"हात लावू नगंस."

ती तिथंच बसून राहिली. लोक जमले, कुणीतरी चौकीकडं धावलं. बायकोच्या पायाशी बसून सिद्राम एकेक काच वेचत होता, आणि बारीक काच नेमकी कुठं लपते, हे चांगुणेला तिथून स्पष्ट दिसत होतं.