बेल वाजवण्यापूर्वी

आमच्या घरात पित्त हे माझं खातं. बँक, वीजबिल, सोसायटीतली भांडणं ही सगळी ह्यांची खाती. पण कुणाला आंबट ढेकर आली की निर्णय माझा. मोरावळा कधी, कोकम कधी, रात्री भिजवलेल्या धन्यांचं पाणी कधी, सगळं मला तोंडपाठ. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण बिल्डिंगमध्ये मला लोक ओळखतात ते मोरावळ्यावरून. आता काय बोलणार!

म्हणून एप्रिलच्या तेरा तारखेला हे भाजी घेऊन वर आले आणि गळ्याखाली हात चोळत म्हणाले, "हेमा, इथे जळजळतंय गं. आवळल्यासारखं होतंय, आंबट वर येतंय," तेव्हा मी मागचापुढचा विचार केला नाही. "काल माझ्या वाढदिवसाला भजी कुणी हाणली?" असं विचारलं आणि बरणी काढली.

ते दहा मिनिटं सोफ्यावर बसले. जळजळ गेली. मी म्हटलं, बघा, हाताला गुण आहे.

आता आमची इमारत सांगायला हवी. कोथरूडमधली, पंचाऐंशी सालची, चार मजली, लिफ्ट नाही. आम्ही चौथ्यावर. बहात्तर पायऱ्या. ती पाडून लिफ्टवाली नवी बांधायची म्हणून पंधरा घरं एका पायावर तयार आहेत आणि सोळावं घर, म्हणजे आमचे आनंद खांबेटे, सोसायटीचे सचिव, नाही म्हणून बसले आहेत. मार्चच्या सभेत दुसऱ्या मजल्यावरच्या रावसाहेबांनी, म्हणजे आमच्या अध्यक्षांनी, समजुतीच्या सुरात विचारलं, "अहो खांबेटे, म्हातारपणी चढणार कसे?" तर हे उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्यांना म्हातारपण आलंय त्यांनी त्याची काळजी करावी. मी आजही एका दमात चौथा मजला गाठतो." वय वर्षं अडुसष्ट. बायका पदराआड हसल्या. मी पण हसले. खोटं कशाला सांगू, अभिमानही वाटला.

त्यानंतर ह्यांना पाट्यांचा नाद लागला. सूचना लावायचा अधिकार सचिवाचा, पण माणसाने किती लावाव्यात? पहिली तर आमच्याच दारावर, बेलच्या शेजारी: "बेल वाजवण्यापूर्वी आपले काम खरोखरच आहे का, याचा दोन मिनिटे विचार करावा." खाली तारीख, सही, सचिव. मी भडकले. म्हटलं, लोक म्हणतील खांबेटीणबाई माणूसघाण्या झाल्या. हे म्हणाले, "विचार केल्याने कुणाचं नुकसान होत नाही." बेंगळुरूहून सृष्टीचा, आमच्या लेकीचा, फोन आला तेव्हा तिला वाचून दाखवली, तर ती इतकी हसली की म्हणाली, "बाबा, सो कूल! फोटो पाठव ना आई."

मग जिन्यात एकेक उगवायला लागल्या. चपलांचे स्टँड, कुंड्यांचं पाणी, कुठे काय. येणारे-जाणारे मोबाईलवर फोटो काढायचे. हे वरवर वैतागायचे आणि आतून खूश व्हायचे, असं मला वाटायचं.

आणि पित्त? पित्त गेलं होतं! मोरावळा सुरू झाल्यापासून हे वर यायचे, बेल वाजवायचे, मी दार उघडायची, विचारायची, "आज कसं आहे?" आणि हे शांतपणे म्हणायचे, "छे, काही नाही." चेहरा धुतल्यासारखा. मी तीन घरांत बरण्या भरून दिल्या मोरावळ्याच्या. जाहिरातच केली म्हणा ना.

सप्टेंबरात एक दिवस पहिल्यांदा गाडी अडली. विमलाबाई फरशी पुसत होत्या म्हणून दार उघडं होतं आणि मी दारातच उभी होते. हे दूध घेऊन वर आले ते थेट माझ्या समोर. तोंड पांढरं फटक. एक हात कठड्यावर, दुसरा गळ्याशी, आणि खालचा जबडा असा धरलेला, दाढ दुखत असल्यासारखा. मला पाहून हात चटकन खाली आला.

"काय झालं?"

"पित्त. दुसरं काय."

मी बरणीकडे वळले, पण पाय अडखळला. आदल्या संध्याकाळी रावसाहेबांच्या नातवाच्या वाढदिवसाला ह्यांनी तीन बटाटेवडे खाल्ले होते, वर दोन वाट्या श्रीखंड. तिथे दोन तास खुर्चीत बसून गप्पा मारल्या, एक ढेकर नाही. आणि आता सकाळी पोटात अर्धा कप चहा, तर वर येतंय काय? शाळेत मी मुलांना सांगायची, उत्तर जुळत नसेल तर मांडणी तपासा. मी मांडणी तपासली नाही. का, तर मांडणी माझी होती ना!

तरी म्हटलं, "चला, एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ."

"पित्तासाठी डॉक्टर? मग तू कशाला आहेस?"

आणि मी मूर्ख बाई, ह्याने सुखावले. सकाळ-संध्याकाळ मोरावळा चालू केला, चहा बंद केला, उशाला दुसरी उशी दिली. मनात मात्र पाल चुकचुकत राहिली. रात्री ह्यांच्या श्वासाकडे कान लावून पडायची. काही ऐकू यायचं नाही म्हणून बरं वाटायचं, मग काहीच ऐकू येत नाही म्हणून उठून बसायची.

ऑक्टोबरच्या अकरा तारखेला, सकाळी साडेनऊला, विमलाबाई भांडी घासता घासता म्हणाल्या, "ताई, एक विचारू? साहेब स्वतःच लिहिलेलं काय एवढं वाचत बसतात?"

"म्हणजे?"

"रोज बघते की. पाटीसमोर उभे असतात. पहिल्यांदा वर असायचे, हल्ली खालच्या पाटीशी असतात. मी 'येते साहेब' म्हणून वर येते, माझी निम्मी भांडी होतात तरी त्यांचं वाचून होत नाही. आता पण खालीच आहेत."

माझ्या हातात कोथिंबिरीची वाट बघणारी सुरी होती. हे कोथिंबीर आणायला गेले त्याला अर्धा तास झाला होता. कोपऱ्यावर जायचं आणि यायचं, सहा मिनिटं.

मी सुरी ठेवली आणि तशीच बाहेर पडले. गुडघ्यांमुळे मी जिना कमीच उतरते, आणि उतरते तेव्हा पायरीकडे बघते, भिंतीकडे नाही. त्या दिवशी भिंतीकडे बघितलं.

तिसरा मजला. "चपलांचे स्टँड जिन्यात ठेवू नये. जिना हे प्रदर्शन नव्हे." नऊ जून.

दुसरा मजला. "कुंड्यांना पाणी घालताना खालीही माणसेच राहतात याचे भान ठेवावे." अठ्ठावीस जुलै.

पहिला मजला. "भिंतीला हात टेकून चढू नये. कठडा त्यासाठीच आहे." तीन सप्टेंबर. आणि त्या पाटीच्या खालीच, एका पुरुषाच्या खांद्याच्या उंचीला, भिंतीवर तळहाताचा डाग. एकावर एक उमटून काळा पडलेला. कोणाचा, ते मला सांगायला नको. त्या हाताबरोबर त्रेचाळीस वर्षं संसार केलाय.

बाई गं! जूनमध्ये माणूस एका दमात तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचत होता. जुलैत दुसऱ्या. सप्टेंबरात पहिल्या. दर वेळी तारीख घालून, सही करून हा माणूस सांगत होता आणि अख्खी इमारत फोटो काढत होती.

"अहो!" मी वरूनच हाक मारत उतरले.

हे खालून सहाव्या पायरीवर होते. भिंतीकडे तोंड. डाव्या हाताने एक कागद भिंतीवर दाबून धरलेला, उजव्या हातात चिकटपट्टी, मनगटाला कोथिंबिरीची पिशवी. सदरा पाठीला चिकटलेला, इतका घाम.

"हे काय चाललंय?"

"सूचना," ते म्हणाले. आवाज कसाबसा.

"कसली?"

"विचार करतोय."

मी कागद बघितला. कोरा होता.

मी त्यांना धरून पायरीवर बसवलं. म्हटलं, थांबा जरा, बसलात की जातं ना? ते माझ्याकडे बघायला लागले. ह्या माणसाला मी कधी घाबरलेलं पाहिलेलं नव्हतं, खरंच सांगते. "हेमा," ते म्हणाले, "आज बसल्यावरही जात नाहीये."

मी अशी ओरडले की पुढच्या सोसायटीतले लोक गॅलरीत आले असतील. "रावसाहेब! अहो रावसाहेब!" ते बर्म्युडावर, एका पायात चप्पल घालून गाडीची किल्ली घेऊन धावत आले. ह्यांना एका बाजूने त्यांनी उचललं, दुसऱ्या बाजूने मी.

गाडीत हे मागे माझ्या खांद्यावर, आणि तेवढ्यातही पुढे बघून म्हणतात, "रावसाहेब, हे पित्त आहे हं."

"पित्तच आहे," रावसाहेब हॉर्नवरचा हात न काढता म्हणाले. "तुमचा जिना एकदम मस्त आहे. आता गप्प बसा."

कर्वे रस्त्यावर मेट्रोच्या खांबांमधून गाडी मुंगीसारखी सरकत होती. मी ह्यांचा हात धरला होता आणि मनातल्या मनात पाढे म्हणत होते. एकोणतीसचा पाढा. देवाचं नाव आठवेना, पाढेच आठवत होते. एकोणतीस सत्ते चुकलं की परत पहिल्यापासून.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर होती, दीक्षा नाव. छातीला तारा लावता लावता तिने मला विचारलं, "काकू, चढताना होतं आणि थांबलं की जातं, असं होतं का? घशात, जबड्यात?"

"हो."

"किती दिवसांपासून?"

मी म्हटलं, "नऊ जूनला तिसऱ्या मजल्यावर. अठ्ठावीस जुलैला दुसऱ्या. तीन सप्टेंबरला पहिल्या. आज सहाव्या पायरीवर."

ती थांबून माझ्याकडे बघायला लागली. "इतकं तारीखवार कुणी सांगत नाही. लिहून ठेवलं होतंत?"

"त्यांनी," मी म्हटलं, आणि मग मला रडू फुटलं.

तिने मला खुर्चीत बसवलं. म्हणाली, हृदयाचं दुखणं छातीतच येतं असं नाही, कधी घशात येतं, जळजळतं, आंबटही वाटतं, आणि पुष्कळ लोक त्याला ॲसिडिटीच म्हणतात. खूण एवढीच की ते जेवणावर येत नाही, श्रमावर येतं. ती मला दोष देत नव्हती. मला मात्र माझी बरणी दिसत होती, लाकडी चमच्यासकट. सहा महिने मी ह्यांच्या हृदयाला मोरावळा चारत होते.

दोन तास दाराबाहेर बसलो, मी आणि एका चपलेतले रावसाहेब. त्यांनी कुठून तरी चहा आणला. इमारतीचा विषय त्यांनी काढला नाही, त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. मग दीक्षा बाहेर आली. एक मोठी रक्तवाहिनी जवळपास बंद होती, ती उघडली, स्टेंट घातला. "आज रात्रभर लक्ष ठेवायचं आहे. उद्या सकाळी नीट सांगता येईल. त्यांची जुनी फाईल, चष्मा आणि कपडे आणाल?"

चार वाजता रावसाहेबांनी मला घरी आणून सोडलं. मी एकटीच चढले. सहाव्या पायरीवर कोरा कागद आणि चिकटपट्टी पडली होती, दोन्ही उचलली. पहिल्यावर थांबले, गुडघ्यासाठी. दुसऱ्यावर थांबले. तिसऱ्यावर. अगदी त्याच जागी, पाट्यांसमोर, कारण तिथेच दम संपतो.

चौथ्यावर पोचले आणि विमलाबाईंनी चौकटीवर ठेवलेली किल्ली चाचपता चाचपता बेलशेजारची पाटी समोर आली. हिला मी मोजलंच नव्हतं. ही गंमत होती ना.

"बेल वाजवण्यापूर्वी आपले काम खरोखरच आहे का, याचा दोन मिनिटे विचार करावा." चौदा एप्रिल.

मोरावळा मी तेराला काढला होता.

म्हणजे दुसऱ्याच दिवशीपासून. हे वर येऊन इथे उभे राहायचे, ह्या दाराशी, माझ्यापासून चार हातांवर. मी आत पोळ्या लाटत असायची, रेडिओ चालू असायचा. घशातलं ते आवळणं जाईपर्यंत, श्वास खाली बसेपर्यंत, घाम पुसून होईपर्यंत दोन मिनिटं हे इथे उभे, आणि कुणी जिन्यातून आलंच तर आपलीच पाटी वाचतायत. मग बेल. मग मी विचारायची, "आज कसं आहे?" आणि ते म्हणायचे, "छे, काही नाही." माझ्या मोरावळ्याचा गुण! मी घाबरू नये म्हणून, आणि माझं खातं खोटं पडू नये म्हणूनही, असला मेला शहाणपणा!

मला इतका राग आला, इतका राग आला, की ती पाटी मी ओरबाडून काढली. दाराचा रंगही निघाला थोडा. आत गेले, फाईल, चष्मा, दोन सदरे पिशवीत भरले. मग ह्यांच्या टेबलावरचा मार्कर घेतला आणि तो कोरा कागद समोर ठेवला. अक्षर माझं फळ्यावरचं राहिलं नाही. पण लिहिलं, आणि बाहेर येऊन त्याच जागी, त्यांच्याच चिकटपट्टीने लावलं.

"बेल ताबडतोब वाजवावी. दम लागला असल्यास बोट काढूच नये."

खाली तारीख घातली, सही केली, आणि पिशवी घेऊन जिना उतरायला लागले.