बिनस्टँडची मोटारसायकल

आमच्या घरात कुणाला काही वाटलेलं चालत नाही. किती भरलं ते सांगायचं. सासरे, म्हणजे अण्णा, जन्मभर दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करत आले. नवरा तेच करतो आणि लग्न होऊन आल्यावर मीही तेच शिकले. त्यामुळे पिशवी जड वाटते असं म्हणायची सोय नाही. अण्णा ती लगेच काट्यावर ठेवणार आणि म्हणणार, "साडेचार किलो. यात जड काय आहे?" एकदा मी म्हटलं, डोकं जड झालंय, तर नवऱ्यानं काट्याकडे पाहिलं. खरंच पाहिलं हो! अशा माणसांबरोबर मी संसार करते.

अण्णांची एक जुनी मोटारसायकल होती. नुसतं लोखंड. अण्णांचा गुडघा गेला आणि ती दुकानामागच्या अंगणात उभी राहिली. मला ती हवी होती. गावोगावच्या दुकानांतले काटे तपासायला मी जाते आणि तपासणीची वजनं पिशवीत घालून बसने जाते. लोखंडाची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या बाईकडे लोक कसे बघतात ते एकदा अनुभवून बघा. शिवाय बस चुकली की घरी फोन करायचा, "अहो, मला न्यायला कुणी येता का?" आणि मग कुणाला सवड आहे यावर घरात चर्चा. त्या विनवण्यांचा मला वीट आला होता. मला माझी माझी जायची सोय पाहिजे होती, बस्स.

पण माझे धाकटे दीरही गाडीवर टपून होते. भाऊजी व्यायामशाळेत जातात आणि ते सगळ्या जगाला कळावं म्हणून एक माप लहान शर्ट घालतात. अण्णांनी निवाडा केला. "गाडी चालवता कुणालाही येते. उभी गाडी सांभाळता आली पाहिजे. सूनबाई, रविवारी धाकटा येतोय. त्याच्यासमोर गाडी ढकलत अंगणाला एक चक्कर मार. पाडली नाहीस तर गाडी तुझी. पाडलीस तर तो घेऊन जाईल."

इथेच घोडं अडत होतं. चालू गाडी मला झकास जमायची. ती पळत असली की कशी शहाण्यासारखी वागते! पण थांबली रे थांबली की तिच्या अंगात यायचं. एवढीशी कलली की जी पडत सुटायची, ती जमिनीवर जाऊनच थांबायची. दोनदा पाडून झाली होती, लेगगार्ड होतं म्हणून टाकी वाचली.

"ही चारशे किलोची आहे," मी अण्णांना म्हटलं.

अण्णांनी मला गाडी काट्यावर चढवायला लावली. आधी पुढचं चाक, मग मागचं, मग बेरीज. "एकशे सत्तर," ते म्हणाले.

"पण अण्णा, मला चारशे वाटते."

"वाटते!" मी शिवी दिल्यासारखे अण्णा दचकले.

रविवारी सकाळी माझा नवरा पाने आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन अंगणात आला. माणूस मनानं चांगला आहे, हे मी कुठेही सांगेन. "अगं, सोपं आहे," तो म्हणाला. "एकशे सत्तर झेपत नाही ना? मग वजन कमी करू." अण्णांनी अट घालताना वजनाबद्दल काही म्हटलं नव्हतं, त्यामुळे त्यांना हरकत घेता येईना. उलट काटा दिसल्यावर त्यांना राहवेना. तेच खुर्ची ओढून आकडे वाचायला बसले.

"कॅरिअर, साडेतीन."

"लेगगार्ड, पाच किलो दोनशे."

आरसे निघाले, टूलबॉक्स निघाला, टाकीतलं पेट्रोल डब्यात गेलं. आकडा खाली येत होता तसे आम्ही तिघंही खुशीत येत होतो. साइड स्टँडचा बोल्ट गंजला होता, तो नवऱ्यानं करवतीनं कापलाच. मग त्याची नजर मेन स्टँडवर गेली. "हे बघ, केवढं लोखंड आहे! तू फक्त जरा गाडी धर."

मी धरली. तो आडवा झाला, पान्यानं पिना काढल्या, आणि टण्णकन आवाज होऊन स्टँडची स्प्रिंग जी उडाली ती थेट कुंपणापलीकडच्या गवतात गेली. स्टँड काट्यावर गेला.

"सहा!" अण्णा ओरडले. "एकूण वीस किलो उतरवलंत रे!"

"शाब्बास!" नवरा म्हणाला. "आता ठेव गाडी."

"कुठे?" मी विचारलं.

तिघांनीही अंगणभर नजर फिरवली. तीन अक्कलवान माणसं, आयुष्य वजनकाट्यांत गेलेलं, आणि गाडी जमिनीवर टेकते कशावर हे तिघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

"भिंतीला टेकव," नवरा म्हणाला.

"खबरदार!" अण्णा खुर्चीतून उठले. "लेगगार्ड काढलंय. टाकी घासेल. माझ्या टाकीला आजवर ओरखडा नाही."

"मग आडवी टाकू?"

"आणि उचलणार कोण, तुमचे पिताश्री?" मी तडकून म्हटलं. पिताश्री समोरच उभे होते, पण माझं टाळकंच सटकलं होतं.

नवरा स्प्रिंग शोधायला कुंपण ओलांडून गेला. अण्णा कुंपणाला धरून त्याला गवतात दिशा दाखवू लागले. मी गाडी धरून उभी. दातओठ खाऊन, दोन्ही हातांनी, खांदे ताणून. भाऊजी यायच्या आतच ही पडणार आणि मी आयुष्यभर बसच्या खिडकीतून बघत बसणार, असं वाटून मला रडू फुटायला आलं.

मग नाक खाजलं. खाजवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, म्हणून एक हात सोडला. गाडी जागची हलली नाही. मी दुसऱ्या हाताची पकड सैल केली, तरी ती उभीच. शेवटी फक्त दोन बोटं हँडलवर ठेवली. अहो, ती कुणाच्याही अंगावर नव्हती! आपल्या दोन चाकांवर आपली आपण उभी होती. मी मुद्दाम किंचित कलवली, तर बोटांना जरासा भार लागला. आणखी कलवली तर मनगटाला कळ आली, म्हणून चटकन परत सरळ केली. म्हणजे इतके दिवस मी काय करत होते? ती पुरती कलेपर्यंत गाफील राहायचं आणि मग कुस्ती खेळायची. वेड्यासारखी. कलायला लागली की लगेच बोटभर ढकलायचं, एवढंच काम होतं. स्वयंपाकघरात जाऊन चहा आणता आला नाही, नाहीतर मी तोही प्यायले असते.

तेवढ्यात भाऊजी आले. अंगात तोच शर्ट. "अरेरे, वहिनी! कुणी उभं केलंय तुम्हाला असं? सोडा, सोडा, मी धरतो."

"भाऊजी, सरळ धरा हं. कलू देऊ नका."

"वहिनी, मी रोज याच्यापेक्षा जास्त उचलतो," असं म्हणत त्यांनी गाडी घेतली आणि ऐटीत स्वतःकडे कलवून कमरेला टेकवली. व्हायचं तेच झालं. हँडल वळलं, गाडी आणखी कलली, भाऊजी वाकले. दंड टरारले, मानेच्या शिरा फुगल्या, शर्टाचं एक बटण अण्णांच्या पायाशी येऊन पडलं.

"वहिनी, जरा धरता का?"

"मी? एकशे सत्तर किलोची गाडी?"

"एकशे पन्नास," अण्णांनी दुरुस्ती केली.

"दीडशे कसली!" भाऊजी रडकुंडीला आले. "पाचशे आहे ही! वहिनी, कंबर मोडतेय हो! तुम्हीच घ्या! मला नको ही गाडी!"

"नक्की? अण्णा, ऐकलंत ना?"

"ऐकलं," अण्णा म्हणाले. "पण आधी माझी टाकी वाचव!"

मी पलीकडून हँडल सरळ केलं आणि भाऊजींना म्हटलं, आता ढकला. दोघांनी मिळून गाडी उभी केली. भाऊजी तिथेच फरशीवर बसले. मी मात्र गाडी सोडली नाही.

"चक्कर राहिलीय," मी म्हटलं.

"अगं, आता तो नको म्हणालाय," अण्णा म्हणाले. "कशाला धोका पत्करतेस?"

"त्यांनी नको म्हटलं म्हणून मिळालेली गाडी मला नकोय. मी मारणार चक्कर."

निघाले. उजवीकडे दुकानाची काच, डावीकडे कुंपण, मध्ये दुरुस्तीला आलेले काटे मांडलेले. अण्णा लंगडत माझ्या मागे येत होते आणि आपली टाकी दोन्ही हात पसरून हवेतच झेलत होते.

"डावीकडे जातेय! डावीकडे!"

मी आधीच सावरली होती.

"आता उजवीकडे—"

तेही सावरून झालं होतं. कोपऱ्यावरच्या वळणाला अण्णांनी तोंड उघडलं आणि न बोलताच मिटलं. पुढे त्यांची पावलं ऐकू येईनाशी झाली. वळून पाहिलं तर ते अंगणाच्या मधोमध थांबले होते. हात खाली सोडले होते आणि मी येते कशी ते नुसते बघत होते. मी चक्कर पुरी केली. गाडी टेकवायला काही नव्हतंच, म्हणून तशीच दुसरी चक्कर सुरू केली.

"स्प्रिंग सापडली की स्टँड बसवून दे रे तिला," अण्णा गवताकडे तोंड करून नवऱ्याला ओरडले. "आणि पेट्रोल भर. उद्यापासून ती बसने जाणार नाही."