कामापुरता गोलंदाज

कमळानं रेडिओच्या जाळीला कान लावला आणि हात वर केला, तसे व्हरांड्यातले सगळे गप्प झाले.

"कॅप्टननं बॉल दिला," ती म्हणाली, "आपल्या चार नंबरच्या फलंदाजाकडे."

"खल्लास," भैयाजी म्हणाले. "कालपासून तीन तीन बॉलर घासून राह्यले, जोडी काही फुटली नाई. आता बॅटवाल्याच्या हाती बॉल. म्हणजे कॅप्टननं हात टेकले."

भैयाजी लाकूडडेपोचे मुन्शी. कसोटी असली की डेपोची चावी कमरेला लावून ते रेंजरच्या बंगल्यावर येऊन बसत, कारण चामोर्शीपासून इथवरच्या जंगलात बॅटरीचा रेडिओ हा एकच होता आणि त्यातलं भराभर बोललेलं इंग्रजी समजणारं माणूसही एकच, रेंजरसाहेबांची बायको कमळा. नागपूरला माहेरी भावांच्या सामन्यांची धावसंख्या वहीत लिहायचं काम तिच्याकडे असे. इथे ती ऐकायची आणि मराठीत सांगायची. साहेब आज तोडीचा कूप पाहायला गेले होते.

"बॅटवाला म्हंजे का जी?" गुणाबाईंनी विचारलं. कमळाच्या या सासूबाई चार दिवसांपूर्वी नागभीडहून गाडीनं चांद्याला आणि तिथून मोटारीनं आल्या होत्या. पाय पसरून, पायांवर नातू आडवा घेऊन त्या त्याला तेल चोळत होत्या.

"असं पाहा बाई," भैयाजी म्हणाले. "धानाचं रोवणं करणाऱ्या बाईच्या हाती एक दिवस नांगर दिला, तर कसं होईल?"

"म्या धरला आहे नांगर."

"तुम्ही?"

"मालक तापानं पडले होते तवा. बाईनं नांगर धरला का पाऊस जाते म्हणते, म्हणून पहाटे पहाटे जाऊन वावराची एक बांधी उलटवली. गावाले सांगतलं, भाच्यानं केली."

"मग, सरळ गेला का?"

"तुमच्या बोलरापेक्षा सरळ," गुणाबाई म्हणाल्या आणि बाळाची टाच ओढू लागल्या.

कमळा हसली, पण हसता हसता तिची नजर अंगणात गेली. पाड्यावरून कामाला येणारी रुखमा उखळापाशी बसून सुपानं तांदूळ पाखडत होती. तीही हसत होती, खाली मान घालून.

रेडिओतला आवाज एकदम चढला. कमळा पुढे झुकली.

"गेला! उंच मारायला गेला आणि झेल दिला. जोडी फुटली."

भैयाजींनी मांडीवर थाप मारली. "पाहा! असंच होते. हा काय टाकणार म्हणून समोरचा ढिला पडते, अन् हा तेवढ्यातच बॉल वळवून जाते. प्रत्येक टीमीत असा एखादा असतोच, वहिनी. रोज नेटात शौकानं टाकत राहते, कोणी पाहत नाई. वखत आली का त्यालेच आवाज देतात."

"मंग त्याले पह्यल्यापासून काऊन नाई देत?" रुखमानं सूप न थांबवता अंगणातूनच विचारलं.

"तो बोलर नोहे ना बाई. कामापुरता आहे. आज चार विकेटी काढन, अन् पुढच्या मॅचीत त्याले कोणी विचारणार नाई. दूर सीमेवर उभा राहीन, बॉल अडवत."

"हो का," रुखमा म्हणाली.

कमळानं उगाच रेडिओची खुंटी फिरवली. आवाज खरखरला, पुन्हा जागेवर आला.

दसऱ्याच्या सुमाराला तिला हिवताप झाला होता. कोयनेलच्या कडू गोळ्या, अंगात थरथर, आणि तिसऱ्या दिवशी छातीत दुधाचा थेंब नाही. बाळ दोन महिन्यांचं. तांदळाचं पाणी त्यानं ओकून टाकलं, आणि रडता रडता त्याचा आवाज मांजराच्या पिलासारखा बारीक झाला. तेव्हा उखळावर धान कांडणाऱ्या रुखमानं मुसळ भिंतीला टेकवलं, हात धुतले आणि कोणाला न विचारता त्याला उचललं. एकोणीस दिवस. ती बंगल्यावरच राहायची. तिची पोरगी इतवारी आठ-नऊ महिन्यांची, पाड्यावर आजीजवळ पेजेवर. चांद्याहून दुधाच्या पावडरीचे डबे आले, त्या दिवशी कमळानं म्हटलं, "आता राहू दे, रुखमा." रुखमानं मान हलवली आणि मुसळ उचललं. मागून इतवारीला हगवण लागल्याचं कमळाच्या कानावर आलं. तिनं औषधाची पुडी पाठवली. पाहायला मात्र गेली नाही.

आणि नागभीडला पत्र लिहिताना, गोंडाच्या बाईनं पाजलं हे लिहायला तिचा हात धजला नाही. सासरी पाण्याचा माठसुद्धा कोणी शिवायचा नाही आणि कोणी शिवायचा, हे ठरलेलं. तिनं लिहिलं, 'रुखमाच्या पाड्यावरच्या शेळीचे दूध बाळास मानवले.'

"हे पोरगं सुधारलं ते त्या शेळीनं," गुणाबाई म्हणाल्या. जणू सुनेच्या मनातलं ऐकत बसल्या होत्या. "कवापासून म्हणून राह्यली, मले पाहू दे तिले. कुंकू लावतो, गुळाचा खडा देतो. मुक्या जीवाचे उपकार ठेवू नाई. अवं रुखमा, तुह्याच पाड्यावरची ना थे?"

सूप थांबलं.

कमळानं रुखमाकडे पाहिलं. शेळीची गोष्ट तिनं रुखमाला कधी सांगितलीच नव्हती. भैयाजींना एकाएकी रेडिओच्या तारेत काही बिघाड दिसला, ते वाकून ती तपासू लागले. बाळ कोणाच्या दुधावर वाचलं, हे सगळ्या डेपोला माहीत होतं.

"हो बाई," रुखमा म्हणाली. "आणतो."

ती उठली, लुगड्यावरचा कोंडा झटकला आणि फाटकातून गेली. पाडा ओढ्याच्या पलीकडेच होता.

आता सांगावं, कमळाला वाटलं. ती परत यायच्या आत. तिनं सासूकडे वळून तोंड उघडलं.

"मामीजी..."

"वहिनी, वहिनी, टाळ्या कायच्या?" भैयाजी ओरडले.

"दुसरी विकेट," ती म्हणाली. "पायचीत."

"त्यानंच?"

"त्यानंच."

मग आणखी एक षटक, मग आणखी एक. ती सांगत राहिली. सांगण्यासारखं दुसरंही होतं, आणि प्रत्येक चेंडूमागे ते गिळायला सोपं जात होतं. एकदा तिनं धावा चुकीच्या सांगितल्या. भैयाजींनी बोटांवर मोजून दुरुस्त केल्या.

रुखमा आली ती एका हातात दोरी आणि कडेवर इतवारी घेऊन. दोरीला पांढरी-तांबडी शेळी, मागे एक करडू. अंगणात येताच करडू शेळीच्या पोटाखाली शिरलं आणि ढुशा देत पिऊ लागलं. कोणी त्याला ओढलं नाही.

गुणाबाईंनी बाळाला कमळाजवळ दिलं आणि कुंकवाची डबी घेऊन पायऱ्या उतरल्या. शेळीच्या कपाळाला बोट लावलं, गूळ पुढे केला. शेळीनं तो बोटांसकट चाटून घेतला.

"हेच का थे?"

"हेच, बाई."

"दूध कोन काढे?"

रुखमानं दोरी हाताला गुंडाळली. कमळाच्या हातातलं बाळ तेलानं निसटतं झालं होतं. तिनं त्याला घट्ट धरलं, आणि ते रडू लागलं. भुकेचं रडणं. ती उभी राहून त्याला हलवू लागली, पण ते वाढतच गेलं.

रुखमानं मान वळवली. इतवारीला तिनं एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं, पदर पुढे ओढला, पण पदराला उशीर झाला होता. लुगड्यावर डाव्या बाजूला रुपयाएवढा ओला डाग उमटला होता आणि तो पसरत होता.

गुणाबाईंनी सहा बाळंतपणं काढलेली. त्या डागाकडे त्यांनी एकदाच पाहिलं. मग खाली बसून करडाच्या पाठीवरून हात फिरवत, कोणाकडेही न बघता म्हणाल्या,

"आमच्या नागभीडाकडेही गोंडायचे पाडे आहेत. थे लोक शेळी पिळत नाई, गायही पिळत नाई. दूध ज्याचं त्याच्या पिलाचं, म्हणते. त्यातलं घेणं म्हंजे चोरी."

दोन वर्षं कमळा या जंगलात राहत होती. पाड्यावर कोणाच्या चुलीवर दूध तापताना तिनं पाहिलं नव्हतं, आणि असं का, हे तिला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

गुणाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, वर आल्या, कमळाच्या हातातून रडतं बाळ घेतलं आणि पुन्हा खाली उतरून रुखमापुढे धरलं.

"घे. माह्यानं उगी नाई होत."

रुखमाचे दोन्ही हात अडकलेले. तिनं कमळाकडे पाहिलं. त्या पाहण्यात काही मागणं नव्हतं. आधी विचारायचं असतं, एवढंच ती आता शिकली होती.

कमळा पायऱ्या उतरून अंगणात आली. दोरी तिनं उखळाला अडकवली आणि दोन्ही हातांनी इतवारीला घेतलं. उचलताना तिनं अंगात जेवढा जोर आणला होता, तेवढा लागलाच नाही. हात रिकामेच वर आले असं वाटलं. वर्षाची पोर, बरगड्या झबल्यातून बोटांना लागत होत्या. पोरगी रडली नाही. तिनं कमळाचं मंगळसूत्र मुठीत धरलं आणि तोंडात घातलं.

व्हरांड्याच्या कडेला, खांबाआड रुखमा बसली. बाळाचं रडणं मध्येच तुटलं.

रेडिओवर आता दुसरंच नाव येत होतं. कॅप्टननं चेंडू नेहमीच्या गोलंदाजाला परत दिला होता.

"वहिनी," भैयाजी हळूच म्हणाले, "कोण टाकून राह्यलं आता?"

कमळा सासूकडे वळली.

"मामीजी," ती म्हणाली, "शेळी नव्हती."

गुणाबाई कुंकवाच्या डबीचं झाकण लावत होत्या. ते नीट बसेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"ठाऊक आहे मले," त्या म्हणाल्या. "पोरीले नीट धर. पडन."