‘नॉर्मल’ आलेले डोळे

अमरावतीच्या ज्या छोट्या कंपनीत प्रणाली काम करायची, तिथे मधुमेह्यांच्या डोळ्यांचे फोटो तपासणारा एक प्रोग्राम तयार झाला होता. तो अकोल्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात चालायचा. टेक्निशियन डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढायचा आणि प्रोग्राम सांगायचा, ‘नॉर्मल’ किंवा ‘डॉक्टरांना दाखवा’. डोळ्यांच्या डॉक्टर एकट्या नीलम मॅडम, त्यामुळे ‘नॉर्मल’वाले परस्पर घरी जायचे. या प्रोग्रामला शिकवलं होतं प्रणालीनंच, त्याच दवाखान्यातले हजारो जुने फोटो दाखवून.

दिवाळीनंतर तिला जाणवलं, ‘डॉक्टरांना दाखवा’ असे निकाल एकाएकी फार कमी झालेत. ती मालकाकडे, ललित सरांकडे गेली.

“चांगलंच आहे ना मग,” ते म्हणाले. “लोकं काळजी घेऊन राहिले.”

“सर, अख्ख्या अकोल्याची शुगर अशी एकदम उतरत नसते.”

तिनं जुने आणि नवे फोटो शेजारी शेजारी ठेवले. जुने नारिंगी, थोडे मळकट. नवे लख्ख, पिवळसर. रक्ताचे जे बारीक ठिपके प्रोग्राम ओळखायला शिकला होता, ते या उजेडात फिकट झाले होते. डॉक्टरच्या नजरेतून ते सुटले नसते, पण प्रोग्रामला ते दिसत नव्हते. तिनं टेक्निशियन अश्विनला फोन लावला.

“हो ना मॅडम, जुना कॅमेरा बिघडला. आता नवा आला, मस्त फोटो निघून राहिले!”

हे कंपनीला कळवायचं कोणाला सुचलं नव्हतं. आणि फोटोंचं रूप बदललं तर सावध करणारी काही सोय प्रणालीनंही ठेवली नव्हती. शिकवताना प्रोग्राम इतका अचूक निघाला होता, की तो पुढेही तसाच राहील असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

“सर, प्रोग्राम आजच बंद करू.”

ललित सरांनी कॅलेंडरकडे पाहिलं. “पुढच्या आठवड्यात बुलढाण्याचे डॉक्टर आपला प्रोग्राम पाहाले येऊन राहिले. आणि मॅडम एकट्या एवढे पेशंट कशा पाहतील?”

“तो चुकून ‘नॉर्मल’ म्हणते अन् माणूस निश्चिंत होऊन घरी जाते, सर.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “कर बंद. दवाखान्याले मी सांगतो.”

दुसऱ्या दिवशी प्रणाली अकोल्याला गेली. नीलम मॅडमनी नव्या कॅमेऱ्याचे ‘नॉर्मल’ फोटो एकेक करून पाहायला घेतले. मध्येच त्या थांबायच्या. “हा नॉर्मल?” असं त्यांनी दोनदा विचारलं. मग विचारणंच बंद केलं, नुसतं नाव सांगायच्या आणि अश्विन फोन लावायचा. जुन्या शहरातल्या इंदूबाईंचा फोन लागेना, म्हणून प्रणालीच ऑटो करून निघाली.

इंदूबाईंचं बांगड्यांचं दुकान होतं. एक गिऱ्हाईक हुज्जत घालत होतं, “मावशी, हिरव्या मागतल्या, तुमी निळ्या देऊन राहिल्या.” इंदूबाईंनी बांगड्या उजव्या डोळ्याजवळ नेल्या आणि खजील होऊन बदलून दिल्या.

दवाखान्याचं नाव ऐकताच त्या म्हणाल्या, “माये डोळे चांगले हाय. मशीननं सांगतलं.”

“डाव्या डोळ्यानं कसं दिसते, मावशी?”

“जाळं आल्यावानी. मी म्हटलं, मशीन चांगलं म्हणते, तं हे थकव्याचं असन.”

प्रणाली नांदगाव खंडेश्वरची. तिच्या तोंडी आपसूक घरची बोली आली. “मशीन चुकलं, मावशी. ते मीच बनवलं होतं. आमाले हे कालच समजलं.”

इंदूबाईंनी बांगड्यांचे खोके आत सारले. मग त्यांनी शटर ओढलं. ऑटोत, मोर्णा नदीच्या पुलावर, त्या एवढंच बोलल्या, “आपण चुकून राहिलो, हे त्या मशीनले समजत नाई का व?”

“नाई, मावशी. आमालेच पाहा लागते.”

इंदूबाईंच्या डाव्या डोळ्यात रक्त साचलं होतं. उजव्यावर वेळेत लेझर झालं. डाव्याचं ऑपरेशन झालं, तरी नजर धूसर राहिली. बोलावलेले बहुतेक पेशंट वेळेत सापडले. काही कामाला बाहेरगावी गेले होते, त्यांचा पत्ताच लागला नाही. प्रणालीला त्यांचाच घोर लागून राहिला.

नीलम मॅडमनी तपासून दिलेले नव्या कॅमेऱ्याचे फोटो जुन्यांत मिसळून तिनं प्रोग्रामला पुन्हा शिकवलं आणि त्यानं कधी न पाहिलेल्या फोटोंवर त्याची परीक्षा घेतली. फोटोंचा उजेड किंवा निकालांचं प्रमाण बदलू लागलं की कंपनीत इशारा येईल, अशी सोय केली. ‘नॉर्मल’ ठरलेले काही फोटो दर आठवड्याला डॉक्टरांनी पाहायचे, हेही ठरलं. प्रोग्राम पाहायला आलेल्या बुलढाण्याच्या डॉक्टरांना ललित सरांनी सगळं खरं सांगितलं. ते पुन्हा आले नाहीत.

प्रोग्राम परत सुरू झाला त्या दिवशी प्रणाली दवाखान्यातच होती. इंदूबाई सुनेचा, भावनाचा हात धरून तपासणीला आल्या. अश्विननं त्यांना कॅमेऱ्यापुढे बसायला सांगितलं.

“मले नाई बसाचं त्याच्यासमोर,” त्या म्हणाल्या. “मले डॉक्टरच पायजे.”

“मावशी, आता ते सुधारलं...” अश्विन सांगू लागला. प्रणालीनं त्याला हातानंच थांबवलं आणि नीलम मॅडमकडे नंबर लावून आली. रांग मोठी होती. भावनाला घरी लेकरू होतं. तिला पाठवून प्रणाली बाकावर इंदूबाईंशेजारी बसली. नंबर आला तेव्हा उठताना त्यांनी तिच्या खांद्याचा आधार घेतला.