ललिताचे किडे

"मामाजी, ते बियानं उनात नोका नेऊ!"

उत्तमराव पोतं उचलता उचलता थांबले. "ओलं बियानं सावलीत वाळवते का कोनी? बुरशी धरीन त्याले."

ललिता ओसरीच्या दारात पाय रोवून उभी राहिली. सासऱ्याची वाट अडवायची ही तिची पहिलीच वेळ. अमरावतीच्या एका प्रयोगशाळेत ती सोळा वर्षं बाटल्या धुत होती, आणि त्या बाटल्यांत काय वाढतं हे तिला तिथल्या साहेबांइतकंच ठाऊक होतं. हवेतलं नत्र पिकाच्या मुळाशी आणून देणारे जिवाणू. गेल्या वर्षी गुळाच्या पाण्यात कालवून तिने ते हरभऱ्याला चोळले आणि ड्यूटीवर गेली. मागे उत्तमरावांनी मोठ्या मायेने ते बियाणं दिवसभर कडक उन्हात पसरलं. सात पिढ्यांची सवय ती! जिवाणू बिचारे जागच्या जागी मेले. तिला कळेपर्यंत पेरणी उरकली होती. पीक नेहमीसारखंच आलं, आणि "ललिताचे किडे" म्हणून अख्ख्या भातकुली गावात हसू झालं.

म्हणून यंदा जिवाणू चोळायच्या दिवशी तिने रजाच टाकली होती.

"या खेपेले माह्यं ऐका. नाई जमलं तं या घरात जिवानूचं नाव काढनार नाई."

"अर्ध्याच वावरात," उत्तमराव गुरगुरले.

पेरणीनंतर दीड महिन्याने ललिताने वावराच्या दोन्ही भागांतलं एकेक झाड कुदळीने अलगद उकरलं. शेजारचा सहदेव मुद्दाम बांधावर येऊन उभा होता. फजिती बघायची संधी तो कशाला सोडतोय! तिने बादलीत मुळं धुतली. उत्तमरावांच्या बियाण्याच्या मुळावर चार-दोन बारक्या गाठी, जिवाणूंची घरं. तिच्या मुळावर मात्र गाठींचे घोसच्या घोस. एक गाठ तिने नखाने फोडली. आत लालसर गुलाबी.

"गुलाबी हाय म्हंजे जित्ते हायेत. काम करून राहिले." तिचा आनंद मनात मावत नव्हता, आणि तो लपवायची तिला गरजही वाटली नाही.

सहदेव थट्टा विसरला. "उत्तमराव, कसं केलं हो हे?"

"मले काय इचारतं? गेल्या साली मीच तं उनात मारले ते," उत्तमराव म्हणाले. चूक कबूल करताना त्यांना कोणी कधी पाहिलं नव्हतं. "हिले इचार. सोळा वर्साची इद्या हाय तिच्यापाशी."

आजूबाजूच्या वावरांतून पाच-सहा जण गोळा झाले. उत्तमरावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून बांधावर अंथरला.

"बस वो माय. आता तू सांग."

सासरा उभा असताना सुनेने बसायचं नसतं. ललिताने पदर सावरला आणि ती बसली. माणसं ऐकायला पुढे सरकली.